‘टिटवी’ कुणाच्या नावावर

चेलना छाजेडला राग येत नाही, असं तिच्या सासरी चौदा वर्षं कौतुकानं सांगितलं जायचं. पाहुणे आले की सासूबाई प्रेमकुंवर चहाबरोबर हेही पुढं करायच्या. "आमची मोठी सून म्हणजे एकदम थंड. कशाला म्हणून नाही म्हणणार नाही." पाहुणे माना डोलवायचे. न चिडणारी सून म्हणजे घरातल्या फ्रीजसारखी. सोय सगळ्यांची, आणि तिला विचारायची गरज कुणालाच नाही. चेलनाही ते खरं धरून चालली होती. राग यायचा, पण तो गिळायची तिला इतकी सवय झाली होती की आला कधी आणि गेला कधी, ते तिलाच कळायचं नाही. छत्तिसाव्या वर्षी मात्र तो आला आणि गेला नाही. तोही एका पक्ष्याच्या नावावरून.

तिचं माहेर धुळ्याचं. आग्रा रोडवर वडिलांचं कापडाचं लहानसं दुकान. सासर जळगावचं, दाणा बाजारात डाळी-कडधान्याची जुनी पेढी. पेढीवर सासरे ज्ञानचंद आणि चेलनाचा नवरा तरुण बसायचे. धाकटा दीर रोनक पेढीवर कमी आणि मोबाइलवर जास्त असायचा. घरातल्या बायका पेढीवर जात नसत. पण एका वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर तरुणला डेंग्यू झाला, आणि नव्या वह्या घेऊन यायचं काम चेलनावर आलं. पेढीच्या लाल वह्या तीस वर्षं मेहरूणमधले इसाकभाई पिंजारीच शिवत. चेलना रिक्षा करून त्यांच्या शेडमध्ये गेली.

तिथं इसाकभाईंची मुलगी रुखसार बसली होती. चित्रकलेची पदविका घेतलेली, शिक्षकांची भरती कधी निघते याची वाट बघणारी. पुठ्ठ्याच्या उरलेल्या तुकड्यांवर ती मेहरूण तलावाकाठचे पक्षी काढत होती. त्यातली एक टिटवी लांब काटकुळ्या पायांवर उभी राहून, चोच उघडून कुणावर तरी ओरडत होती.

चेलनाला हसू आलं. "ही कुणावर एवढी चिडलीय?"

"अंड्यांजवळ जो येईल त्याच्यावर," रुखसार म्हणाली. "उघड्या जमिनीवर घालते ना अंडी. ओरडल्याशिवाय करणार काय बिचारी?"

चेलनाची मुलगी विधी तेव्हा सात वर्षांची होती आणि गोष्टीशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्या जेवणांपायी चेलनानं कितीतरी गोष्टी रचल्या होत्या. वह्या घ्यायला गेलेली बाई त्या दिवशी दीड तास शेडमध्ये बसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. एकीनं लिहायचं, दुसरीनं काढायचं, इसाकभाईंनी शिवायचं, असं करता करता वर्षभरात दोन पुस्तकं तयार झाली, आणि ती कुणाकडं छापायला देण्यापेक्षा आपणच काढू, असं दोघींनी ठरवलं. प्रकाशनाचं नावही तिथंच ठरलं. टिटवी.

घरात ते नाव कुणालाही आवडलं नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं घरातले सगळे ते सोयीनं विसरले. सासूबाई म्हणाल्या, "टिटवी? अगं, अपशकुनी पक्षी तो. ओरडला की घरात वाईट होतं." रोनक म्हणाला, "भाभी, लिटिल स्टार ठेवा. टिटवीला कोण विचारतंय?" तरुण नुसताच हसला. ज्ञानचंद म्हणाले, "नाव काहीही ठेव. दहा पुस्तकं खपली तरी खूप झालं." चेलनानं त्या एका गोष्टीत मात्र कुणाचं ऐकलं नाही.

ऐकलं नाही, पण चूक करायची ती केलीच. आणि ती अशी चूक होती, जी दाणा बाजारातल्या सुनेच्याच हातून होऊ शकते.

जैनांच्या घरी कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी असते. पुस्तकं, पाट्या, पेनं बाजोठावर, म्हणजे चौरंगावर, मांडून त्यांची पूजा करतात. बाजारात तीच लाभपंचमी, म्हणून पेढीचा मुहूर्तही त्याच दिवशी. छाजेडांच्या घरात कुठलाही नवा धंदा निघाला की त्या दिवशी घरातला मोठा माणूस कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर केशरानं धंद्याचं नाव लिहितो, आणि ज्याच्या हातानं नाव लिहिलं गेलं त्याची ती पेढी, असं सगळा बाजार मानतो. चेलना दुकानदाराची मुलगी. तिला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण गोष्टींची पुस्तकं म्हणजे काही तुरीचं पोतं नव्हे, असं तिला वाटलं. मोठ्यांचा आशीर्वाद घ्यावा एवढंच तिच्या मनात. दोन्ही पुस्तकं तिनं बाजोठावर ठेवली, आणि केशरात बुडवलेली लेखणी स्वतःच्या हातानं सासऱ्यांच्या हातात दिली. "पप्पाजी, नाव तुम्हीच लिहा."

ज्ञानचंदांनी वळणदार अक्षरात लिहिलं: श्री. टिटवी प्रकाशन. सगळ्यांनी हात जोडले.

रुखसारला चेलनानं मुद्दाम बोलावलं होतं. तिला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं, नाश्त्याची बशी दिली, कुणी काही वाईट बोललं नाही. फोटो काढायची वेळ आली तेव्हा रोनक म्हणाला, "जरा बाजूला, फक्त घरातले." रुखसार बशी घेऊन बाजूला सरकली. चेलना तेव्हा पेढे वाटत होती.

त्याच दुपारी रोनकनं डोमेनही घेतलं. टिटवीप्रकाशन डॉट इन. "भाभी, वेबसाइट, रजिस्ट्रेशन, सगळं माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त गोष्टी लिहा." डोमेन त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. चेलनानं त्याचे आभार मानले. हे आभार तिला पुढं फार दिवस बोचत राहिले.

तीन वर्षांत दोघींनी सात पुस्तकं काढली. कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. एसटीच्या बसमध्ये खोकी चढवून दोघी एरंडोलला जायच्या, पारोळ्याला जायच्या, दीपनगरच्या कॉलनीतल्या शाळेत दिवसभर गोष्टी सांगायच्या. प्रत्येक पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर एकच मजकूर असायचा: प्रकाशक, चेलना छाजेड आणि रुखसार पिंजारी, टिटवी प्रकाशन, मेहरूण, जळगाव. पाचवं पुस्तक त्यांनी अहिराणीत केलं. एरंडोलकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या लताबाई नावाच्या शिक्षिकेनं फोन करून सांगितलं, "ताई, पोरे आपली बोलीमा पुस्तक देखीसन इतला हासाले लागनात, की मी बी हासनू." त्यानंतर एक शाळा दुसऱ्या शाळेला सांगत गेली. मुलं दुकानात जाऊन "टिटवीचं पुस्तक" असं मागायला लागली. लेखिकेचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, चित्रकाराचं तर नाहीच. टिटवी मात्र सगळ्यांना ठाऊक झाली. दहा पुस्तकं खपली तरी खूप, असं म्हणणाऱ्या घरानं ते गुपचूप बघितलं.

यंदा जूनमध्ये शाळा उघडल्या आणि लताबाईंचा पुन्हा फोन आला. "ताई, तुमची साइट उघडली मी. पुस्तकं कुठं गेली? बठ्ठ्या वह्याच शेतस तिथं."

चेलनानं साइट उघडली. पुस्तकांची पानं गायब. दोनशे पानी, शंभर पानी, चौकटी, दुरेघी. घाऊक मागणीसाठी संपर्क साधा, आणि खाली रोनकचा नंबर. रोनक सुरतेला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. काहीतरी तांत्रिक गडबड असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. अजूनही तिला राग आला नव्हता. सवयच तशी.

दोन दिवसांनी वडिलांचे डोळे तपासायचे म्हणून ती धुळ्याला गेली. आग्रा रोडवर शालेय साहित्याची दुकानं पोरांनी गजबजली होती. एका दुकानाच्या फळीवर तिला टिटवी दिसली. रुखसारची टिटवी. तीच उघडी चोच, तेच काटकुळे पाय. फक्त पाठीवर दप्तर चढवलं होतं आणि चोचीत पेन्सिल कोंबली होती. खाली मोठ्या अक्षरात ‘टिटवी’, आणि त्याच्याखाली दाणा बाजारातल्या पेढीचं नाव.

दुकानदार हितेंद्रभाऊ बोलका होता. "घ्या ताई, नवा माल आहे. पोरं नावावरून मागतात. या नावाची गोष्टींची पुस्तकंही निघतात म्हणे, तीही त्याच शेठची."

"कोणत्या शेठची?"

"जळगावचे छाजेड. मोठं घराणं आहे. ओळखता का तुम्ही?"

चेलनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षांत प्रथमच तिला ती जाताना जाणवली. ज्या घरात ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठते ते घर आपण ओळखतो की नाही, याचं उत्तर तिला देता येईना. तिनं एक वही विकत घेतली आणि पिशवीत टाकली.

रविवारी दुपारी घरातले सगळे जेवायला बसले होते. चेलनानं वही ताटांच्या मधोमध ठेवली.

रोनकला जराही संकोच वाटला नाही. उलट तो खूश झाला. "पाहिल्यात का भाभी? धुळ्यात पोचल्या? ब्रँड वाढतोय तुमचा!"

"रुखसारला विचारलं होतंस?"

"तिला काय विचारायचं? चित्राचं काम तिचं, ते तिच्याकडंच आहे. नाव तर आपलंच आहे."

"आपलं म्हणजे कुणाचं?"

"म्हणजे काय? घराचं." रोनक पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "आणि काळजी करू नका, नाव एकदम सेफ केलंय. ट्रेडमार्कचा अर्ज टाकलाय. पुस्तकं, वह्या, छापील कागद, सगळं एकाच वर्गात येतं. पप्पाजींच्या नावानं. ज्ञानपंचमीला नाव लिहिलं कुणी होतं? तो फोटोही जोडलाय मी, त्या दिवसापासून वापर आपला म्हणून."

तो फोटो. ज्यातून रुखसारला बशीसकट बाजूला केलं होतं, तोच आता पुरावा झाला होता.

चेलनानं तरुणकडं पाहिलं. चौदा वर्षांच्या संसारात नवऱ्याकडं असं बघायची वेळ फार थोड्या वेळा येते, आणि तेव्हा नवऱ्याला काहीतरी बोलावं लागतं. तरुण बोलला. "चेलना, घरातलं घरातच आहे ना. बाहेरच्या कुणी नेलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

या वाक्याला काय म्हणावं! परक्यानं उचललं की चोरी आणि घरच्यानं उचललं की व्यवस्था. शेजाऱ्यानं घरच्या बागेतलं फूल तोडलं असतं तर हाच तरुण भांडायला गेला असता. चेलना ताटावरून उठली. तिचं जेवण अर्धं राहिलं होतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा धुळ्याला गेली, या वेळी भाईदास आबांकडं. आबा वकील, तिच्या वडिलांचे जुने मित्र, वय सत्तरीच्या पुढं. कोर्टाजवळच्या त्यांच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांमधून माणसाला बसायला जागा शोधावी लागते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि अहिराणीवर आले. "बेटी, तुन्हं डोकं, तुन्ही मेहनत, आन् कागदवर कोण शे? सासरा!"

मग त्यांनी संगणकावर शोधून दाखवलं. अर्ज ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला होता. प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतं. चार महिन्यांतले एकोणीस दिवस उरले होते. त्यानंतर नाव ज्ञानचंद छाजेडांच्या नावावर चढलं की मग ते उतरवायला वर्षं जातील.

"पहिला वापर तुमचा आहे, हे दाखवता येईल का?" आबांनी विचारलं.

चेलनाजवळ सगळं होतं. सातही पुस्तकांचं दुसरं पान. आयएसबीएन क्रमांक दोघींच्या नावानं मिळाल्याची पत्रं. छापखान्याची बिलं, शाळांच्या पावत्या, शिक्षकांचे संदेश. आबा एकेक कागद बघत गेले आणि खूश झाले. "हे भक्कम आहे. डोमेनसाठी वेगळी तक्रार करावी लागेल, पण आधी नाव हातात येऊ दे." मग ते थांबले. "फक्त एक गोष्ट. हरकतीच्या अर्जात वर लिहावं लागतं, कोण विरुद्ध कोण. तुझ्या हातानं सासऱ्याचं नाव लिहिशील?"

"आधी त्यांना विचारते," चेलना म्हणाली. "त्यांना हे सगळं माहीत नसेल. ते अन्याय करणारे नाहीत."

हे ती मनापासून म्हणाली होती. ज्ञानचंदांनी उभ्या आयुष्यात कधी वजनात खोट केली नव्हती. बाजारात त्यांचा शब्द चालायचा. चेलना भर दुपारी पेढीवर गेली. सून पेढीवर आलेली बघून दिवाणजी उभेच राहिले. ज्ञानचंदांनी तिला गादीसमोर बसवलं, सगळं शांतपणे ऐकलं, आणि म्हणाले, "एवढंच ना? रोनकला अक्कल नाही. तुला सांगायला हवं होतं. उद्या कागद करून तुझ्या नावावर करून देतो. झालं?"

चेलनाचे डोळे भरून आले. उगाच आपण इतके दिवस जीव जाळला, असं तिला वाटलं. "पप्पाजी, आमच्या दोघींच्या नावावर करा. माझ्या आणि रुखसारच्या."

ज्ञानचंदांच्या हातातलं पेन थांबलं.

"दोघींच्या कसं? तू घरची आहेस. ती…" ते शब्द शोधत राहिले, आणि सापडला नाही म्हणून दुसरीकडून आले. "पोरगी चांगली आहे. इसाक तर हिरा माणूस. तीस वर्षं त्याच्या वह्या वापरतोय, कधी पान सुटलं नाही. पण नावात नको. समाज आहे, बाजार आहे. उद्या चार लोक विचारतील, छाजेडांच्या घरच्या धंद्यात भागीदार कोण?"

"तीस वर्षं पेढी त्यांच्या वह्यांवर चालली पप्पाजी. त्यांच्या मुलीचं नाव एका ओळीत मावत नाही?"

"तुझं तुला देतोय ना मी?" ज्ञानचंदांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "मग तुला त्रास काय आहे?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. चेलनाला सगळ्यात जास्त चीड आली ती याचीच. खोट काढायची म्हटली तर त्या माणसात सापडत नव्हती, आणि तरी समोर बसून तो तिला गोड शब्दांत सांगत होता, की तू आत ये, मैत्रिणीला दाराशी बसव.

ती तिथून थेट मेहरूणला गेली. रुखसारनं सगळं ऐकलं. तिच्या हातात ब्रश होता, तो तिनं पाण्यात बुडवला, धुतला, पुसला. मग म्हणाली, "मग घे ना तू एकटीनं. नाव तर वाचतंय. मी चित्रं काढतच राहीन. तसंही चित्र बघताना कोण नाव विचारतं?"

चेलना भडकली. इतकी, की शेडच्या कोपऱ्यात काम करणाऱ्या इसाकभाईंनी मान वर करून पाहिलं. "तूसुद्धा? सगळ्यांना सवय झालीय, बाजूला सरक म्हटलं की सरकायची! ज्ञानपंचमीला तो तुला फोटोतून बाहेर काढत होता, तेव्हा मी पेढे वाटत होते. मला दिसलं होतं, रुखसार. दिसूनही मी वाटत राहिले. आज तू स्वतःच बाहेर चाललीस आणि मी गप्प बसू?"

 रुखसारचे डोळे भरले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते, म्हणून तिनं चित्रावर मान खाली घातली.

इसाकभाई उठून जवळ आले. "बेटा, सोच लो. रहना तुमको उसी घर में है."

"म्हणूनच, इसाकचाचा," चेलना म्हणाली.

मुदत संपायला चार दिवस असताना दोघी सकाळच्या एसटीनं धुळ्याला गेल्या. भाईदास आबांनी अर्ज तयार ठेवला होता. हरकत घेणार: चेलना तरुण छाजेड आणि रुखसार इसाक पिंजारी. अर्जदार: ज्ञानचंद छाजेड. चेलनानं ती ओळ दोनदा वाचली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांचं नाव तिनं तोंडानं कधी घेतलं नव्हतं. इथं ते ठसठशीत छापलं होतं, आणि त्यावर तिला सही करायची होती. तिनं केली. पत्त्याच्या रकान्यात मेहरूणचा पत्ता घातला. मग रुखसारनं सही केली. आबा म्हणाले, "आते व्हयनं. आते त्यासनी वाट देखा."

नोटीस पेढीवर पोचली त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं, त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडण परवडलं असतं. प्रेमकुंवर चेलनाशी बोलेनाशा झाल्या. काही हवं असेल तर विधीला सांगायच्या, "तुझ्या आईला म्हणावं, तूप संपलंय." नाशिकहून, मालेगावहून, पार जोधपूरहून फोन आले. सुनेनं सासऱ्यावर केस केली, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. सासऱ्याच्या नावावर सुनेची वस्तू कशी गेली, हे एकानंही विचारलं नाही. तरुण उशिरा घरी यायचा आणि पेपर वाचायचा. चेलना रोजच्यासारख्या पोळ्या लाटायची. त्या पोळ्या मात्र सगळे खायचे.

हरकतीला उत्तर द्यायला अर्जदाराला दोन महिने असतात. उत्तर दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. मुदत संपत आली तसा रोनक एका सकाळी उत्तर तयार करून घेऊन आला. ज्ञानचंद बाहेरच्या खोलीत बसले होते. चेलना स्वयंपाकघराच्या दाराशी होती. रोनकनं वाचून दाखवलं: टिटवी हे नाव पेढीनं सुरू केलं असून, चेलना व रुखसार यांना पेढीनं गोष्टी व चित्रांच्या कामाला ठेवलं होतं.

कामाला ठेवलं होतं! चेलनानं दाराची चौकट धरली.

"इथं सही, पप्पाजी. आणि शपथपत्रावर इथं."

ज्ञानचंदांनी कागद हातात घेतला. स्वतः पुन्हा वाचला. बराच वेळ घेतला.  चेलनाला एकच वाक्य ऐकायचं होतं. हे खोटं आहे, एवढंच. नाव गेलं तरी चालेल, पण तेवढं वाक्य यावं, असं तिला त्या क्षणी वाटलं.

ज्ञानचंदांनी कागद बाजूला ठेवला. "नको. नेटवर कुणीही बघू शकतं म्हणतोस ना हे? ज्ञानचंद विरुद्ध त्याची सून. पाच पिढ्यांत आपल्या घराचं नाव असं कधी लिहिलं गेलं नाही. जाऊ दे ते नाव. आणि ते डोमेन का काय, तेही देऊन टाक तिला."

"पण पप्पाजी, वह्यांचा माल…"

"संपला की नवा काढू नकोस. दुसरं नाव शोध."

बस. खऱ्याखोट्याचं त्यात काहीच आलं नाही. चेलना आणखी थोडा वेळ दाराशी थांबली, अजून काही बोलतात का म्हणून. ज्ञानचंदांनी चहा मागवला.

मुदत टळली, अर्ज बाद झाला. रोनकनं तोंड वाकडं करून डोमेन चेलनाच्या ईमेलवर वळवलं. दोघींनी लगेच स्वतःचा अर्ज दाखल केला, दोघींच्या नावानं, आणि साइटवर पुन्हा पुस्तकं आली. रुखसारनं कितीदा उघडून पाहिली असेल त्याला गणती नाही. लताबाईंचा फोन आला, भाईदास आबांनी पेढे मागितले. चेलनाला मात्र मनासारखा आनंद होईना. ती जिंकली होती, पण तिचं खरं होतं म्हणून कुणी तिला जिंकू दिलं नव्हतं. घराची अब्रू वाचवायची म्हणून तिच्यापुढं ते टाकलं होतं.

त्या संध्याकाळी प्रेमकुंवर दोन महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलल्या. चेहऱ्यावर मोठी क्षमा होती. "झालं ना मनासारखं? जा, पप्पाजींच्या पाया पड. केवढं मोठं मन त्यांचं! तुझं नाव तुला देऊन टाकलं."

"दिलं नाही, मम्मीजी," चेलना म्हणाली. "घेतलं होतं ते परत केलं. तेही लोकांच्या भीतीनं. आणि नाव माझं एकटीचं नव्हतं."

 बाहेरच्या खोलीत ज्ञानचंदांना सगळं ऐकू जात होतं. "म्हणजे पाया पडणार नाहीस तू?" सासूबाईंनी विचारलं.

"पडेन ना. दिवाळीला सगळ्यांच्या पडते, तेव्हा त्यांच्याही पडेन. यासाठी नाही."